आठ कट्टे धानाची सहल

मंडईत कोणी पैसे वसूल करायला जात नाही. भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असा आमगावच्या आसपास धडाकाच लागलेला असतो. माणूस पाहुण्यांकडे उतरतो, चहा घेतो, शिंगाडे बांधून घेतो, पोट्ट्यांना पाळण्यात बसवतो, दंडारीपाशी घटकाभर रेंगाळतो, जमलं तर कोणाच्या तरी भाच्यासाठी पोरगी नजरेखालून घालतो आणि घरी येतो. घरी आल्यावर त्याला कोणी असं विचारत नाही, की काय हो, मंडई किती टक्के झाली? तीन दुकानं राहिली म्हणून कोणी हळहळत नाही. मात्र हाच माणूस मुंबई-पुण्याकडच्या एखाद्या थीम पार्कला जाऊन आला, की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, ‘सगळे झुले झाले का?’ आणि दोन राहिले असतील तर त्याचा चेहरा पंचनाम्याच्या वेळच्या शेतकऱ्यासारखा होतो. पहिल्यांदा थीम पार्कला जाणाऱ्याला सूचना पुष्कळ मिळतात : बूट घाला, टोपी घ्या, लवकर पोचा, पाणी प्या. त्या सगळ्या बरोबरच आहेत. पण हगवण लागलेल्या माणसाला नखं कापायला सांगावं, तशा त्या बाजूच्या आहेत. मूळ रोगाचं नाव आहे वसुली, आणि तो दारातच लागतो. त्याला आवरलं तर बाकीच्या सूचना आपोआप सुचतात. नाही आवरलं, तर सगळ्या पाळूनही माणूस थकलेला, भांडलेला आणि वर हिशोबात कच्चा ठरलेला असा परततो.

रोगाचं मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा तिकिटाच्या रचनेत जास्त आहे. मंडईत पाळण्यागणिक पैसे असतात. आकाशपाळण्याचे वेगळे, ड्रॅगन ट्रेनचे वेगळे, मौत का कुआंचे वेगळे. प्रत्येक वेळी खिशात हात घालताना माणूस स्वतःला विचारतो, की हे मला खरंच पाहिजे का? नको असेल तर हात बाहेर येतो आणि आलूबोंड्याकडे वळतो. थीम पार्कात दाराशी एकदाच पैसे मोजायचे आणि आत सगळं ‘फुकट’. ही रीत काही पहिल्यापासूनची नाही. थीम पार्कांचा मूळपुरुष म्हणजे वॉल्ट डिस्नेचं डिस्नेलँड. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडलं, तेव्हा तिथेही मंडईचाच कायदा होता : आत यायला थोडे पैसे आणि मग खेळागणिक वेगळं तिकीट. पुढे ए, बी, सी अशा अक्षरांच्या कुपनांचं पुस्तक आलं, सगळ्यांत भारी खेळांना ‘ई’ तिकीट लागायचं, आणि ही पद्धत १९८२ पर्यंत चालली. अर्थशास्त्रज्ञांनाही या दरवाज्याने भुरळ घातली. वॉल्टर ओई नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचं नाव घेऊनच एक निबंध लिहिला, आणि त्यात प्रश्न असा, की मालकाने दारात जास्त घ्यावेत की पाळण्यावर? मालकांनी उत्तर शोधलं : दारातच घ्या, सगळे घ्या. मालकाचं गणित सुटलं, पण गिऱ्हाइकाचं तिथेच चुकायला लागलं. कारण पाळणा फुकट झाला, की ‘मला हे पाहिजे का’ हा प्रश्नच मरतो. त्याच्या जागी ‘मी हे सोडलं तर किती बुडाले’ हा प्रश्न जन्माला येतो.

आता हा प्रश्न आमगावच्या एका काल्पनिक कुटुंबाच्या मनगटावर बांधून पाहू. समजा, तिकीट माणशी दीड हजार रुपये आहे आणि माणसं पाच आहेत. म्हणजे साडेसात हजार. हा आकडा मुंबईच्या माणसाला आकडाच वाटतो, पण आमगावात त्याचा लगेच धान होतो. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. त्या भावाने साडेसात हजार म्हणजे सव्वातीन क्विंटलच्या वर, म्हणजे चाळीस किलोचे आठ कट्टे. दारात उभं राहून मनगटावर कागदी पट्टी बांधून घेताना घरच्या कर्त्या माणसाला ते आठ कट्टे डोळ्यांपुढे थप्पी लावल्यासारखे दिसतात, आणि तिथून पुढे तो सहलीला आलेला नसतो, तो खरेदी केंद्रावर काट्याजवळ उभा असतो. आबाजींना चक्कर येते, त्यांना सावलीत बाकावर बसायचं आहे. पण नातू म्हणतो, ‘तिकीट काढली आहे नं आबाजी, बसा मंग!’ धाकटी रडते आहे, तिला अंधाराची भीती वाटते. तरी तिला अंधारातल्या गाडीत बसवलं जातं, कारण तिच्याही नावाचे पैसे भरलेले आहेत. जवाई नको नको म्हणत तिसऱ्यांदा त्याच चक्रात बसतात आणि उतरल्यावर कुंपणाला धरून उभे राहतात. एवढ्या प्रेमाने एवढा छळ फक्त वसुलीच करू शकते.

ही खोड शास्त्रज्ञांनी मोजलेली आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात वर्षभराची तिकिटं घ्यायला आलेल्या लोकांपैकी काहींना, त्यांनी न मागता, सवलत दिली आणि काहींकडून पूर्ण पंधरा डॉलर घेतले. पूर्ण पैसे भरणारे पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. फरक एवढाच की काहींना खिशातली कळ जास्त लागलेली. दुसऱ्या सहामाहीत हा फरक मावळला. म्हणजे वसुलीचा ताप उतरतो, पण त्याला सहा महिने लागतात, आणि थीम पार्कात आपल्याकडे असतो एक दिवस. या प्रयोगातून एक मात्र निघतं : दारात दिलेले पैसे आपण आत असताना आपला निर्णय घेत असतात. तेव्हा पहिली व्यवहारी सूचना ही, की तिकीट घराच्या कर्त्या माणसाने काढू नये. ज्याला धानाचा भाव सगळ्यांत कमी पाठ असेल त्याने काढावं, आठवडाभर आधी काढावं आणि किंमत कोणाला सांगू नये. दारात पोचेपर्यंत ते पैसे रोवणीच्या मजुरीसारखे मागे पडलेले असले पाहिजेत.

वसुलीचं गणित तरी बरोबर असतं का, तेही तपासू. गर्दीच्या दिवशी मोठ्या पाळण्याला चाळीस मिनिटं रांग आणि दोन मिनिटं पाळणा, असं धरू. बारा पाळणे करायचे तर रांगा आणि पाळणे मिळून पाचशे चार मिनिटं, म्हणजे जवळजवळ साडेआठ तास. त्यातले प्रत्यक्ष पाळण्यातले तास किती? अर्धासुद्धा नाही, चोवीस मिनिटं. दीड हजार भागिले बारा, पाळण्यामागे सव्वाशे रुपये पडले म्हणून कर्ता माणूस खूश होतो. आता याच माणसाने सहाच पाळणे केले, तर पाळण्यामागे अडीचशे पडतात, वसुली निम्मी झाली म्हणून तो हळहळतो. पण त्याच्या हातात सव्वाचार तास मोकळे आले, हे त्याच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही. आत जे फुकट आहे त्याची किंमत रांगेत मोजली जाते, एवढाच या धंद्याचा कायदा आहे. मालकांना तो पक्का माहीत आहे. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली रांग टाळण्यासाठी ‘फास्टपास’ आला तो फुकट होता, आणि २०२१ पासून तीच सोय पैसे घेऊन मिळू लागली. म्हणजे आधी आपल्याला वेळेने पैसे द्यायला लावायचे आणि मग तोच वेळ आपल्याला पैशाने परत विकायचा. वाण्याने पोतं विकत घेऊन त्याच पोत्यातला भात शेतकऱ्याला विकावा, तशातलं हे. तरी फार दुरून, एकाच दिवसासाठी आलेल्या माणसाने असा पास घ्यायला हरकत नाही. फक्त तो घेतल्यावर ‘आता पासाचेही वसूल करू’ असं म्हणून पाळण्यांची संख्या दुप्पट करू नये.

महाराष्ट्रापुरतं पाहायचं, तर आमगावच्या माणसासमोर आज मुख्यतः खोपोलीजवळचं इमॅजिका आहे. एका पिढीला गोराईच्या एस्सेलवर्ल्डने वेड लावलं. ते १९८९ साली सुरू झालं आणि त्याची जाहिरात दूरदर्शनवरून विदर्भातल्या घराघरांत पोचली, पण पाळणे काही पोचले नाहीत. इमॅजिका एप्रिल २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर सुरू झालं, पुढे शेजारी पाण्याचं उद्यान, बर्फाचं उद्यान आणि हॉटेल आलं. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कल्याण येतं. तिथे उतरून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल धरली, की साठ-एक किलोमीटरांत खोपोली. मुंबईपर्यंत जाऊन उलटं येण्यात काही अर्थ नाही. इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण वसुली गाडीतच सुरू होते. नऊशेहून जास्त किलोमीटर आलो, मग लॉजचे पैसे कशाला, उतरल्या उतरल्या थेट पार्कातच जाऊ, असा ठराव बडनेऱ्याच्या आसपास एकमताने मंजूर होतो. रात्रभर साइड बर्थवर पाय दुमडून झोपलेला माणूस सकाळी अकरा वाजता ताशी सुमारे १०५ किलोमीटरच्या वेगाने पाच वेळा उलटा होतो, ते या ठरावामुळे. एक दिवस आधी पोचावं, आंघोळ करावी, झोपावं. या झोपेला लागणारे पैसे सहलीच्या खर्चात लिहावेत, नुकसानीत लिहू नयेत. दुसरा ठराव ‘आलोच आहोत तर’ या शब्दांनी सुरू होतो : आलोच आहोत तर जवळच महडचा वरदविनायक आहे, आलोच आहोत तर पालीचा बल्लाळेश्वर आहे, आलोच आहोत तर लोणावळ्याची चिक्की, गेटवे, शिर्डी. गणपती दोन्ही खरोखर जवळ आहेत आणि पाळण्यात बसण्याआधी त्यांचं दर्शन घेणं शहाणपणाचंही आहे. पण तेही वेगळ्या दिवशी. ‘आलोच आहोत तर’ हे वसुलीचं टोपणनाव आहे.

कधी जावं, याबाबत आमगावकरांना एक फायदा आहे जो पुण्या-मुंबईच्या माणसाला विकतही मिळत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. जूनच्या मध्यावर तिकडची पोरं दप्तरं घेऊन शाळेत गेलेली असतात आणि इकडची अजून आंब्याखाली असतात. मधला हा जो आठवडाभराचा काळ, त्यातल्या मंगळवारी-बुधवारी गेलं तर गर्दीतली निम्मी पोरं वर्गात बसलेली सापडतील. अडचणी दोनच. एक, त्या दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याला पाऊस धरतो, आणि विजा चमकू लागल्या की उंच पाळणे थांबवतात. दोन, इकडे धानाच्या परह्यांची वेळ आलेली असते, त्यामुळे हा मुहूर्त मास्तरांना आणि दुकानदारांना मानवतो, शेतकऱ्याला नाही. शेतकऱ्यासाठी जानेवारी बरा : भारी धान निघालेला, मळणी झालेली, थंडी पडलेली, नाताळची गर्दी पांगलेली. धानाचा चुकारा खात्यात आला असेल तर उत्तमच. नसेल आला तर सहल आपोआप पुढे ढकलली जाते आणि उन्हाळी धानात गुंतते, याला कुठल्याच थीम पार्कचा इलाज नाही. शनिवार-रविवार, दिवाळीची सुटी आणि मे महिना मात्र टाळावा. मे महिन्यात जाणारा माणूस वसुलीच्या विरुद्ध टोकाला असतो : तो चाळीस मिनिटांच्या रांगेसाठीच पैसे भरतो आणि त्याला ऐंशी मिनिटं मिळतात.

आत गेल्यावर काय करावं, हे सांगायला मंडईच पुरेशी आहे. मंडईतला जाणता माणूस कधी पहिल्याच दुकानाशी थांबत नाही. तो आधी एक फेरी मारतो, मग ठरवतो. थीम पार्कात याला थोडी मुरड घालावी : ज्याच्यासाठी आलो तो मोठा पाळणा दार उघडल्या उघडल्या करून टाकावा, कारण त्या वेळी बाकीचे लोक दाराशीच फोटो काढत असतात, आणि मग फेरी मारावी. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’ या मोठ्या कोस्टरला पायांखाली तळ नाही, पाय लोंबतच राहतात. तेव्हा चपला, चष्मा, मोबाइल, खिशातली चिल्लर हे सगळं कोणाजवळ तरी ठेवावं लागतं. तो ‘कोणीतरी’ घरातच नेमून न्यावा. वसुली करणाऱ्या कुटुंबात असं माणूस नसतं, कारण सगळ्यांचीच तिकिटं फेडायची असतात. शहाण्या कुटुंबात आबाजी बाकावर बसलेले असतात, त्यांच्या मांडीवर पाच मोबाइल आणि पायाशी चपलांचा ढीग असतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं निरीक्षण करत ते अख्ख्या दिवसातला सगळ्यांत निवांत वेळ घालवत असतात. आबाजींचं तिकीट त्या बाकावर फिटलं. मुलांच्या उंचीचा मामलाही घरूनच मिटवून निघावं. अनेक उद्यानांत मुलांचं तिकीट वयावर नसतं, उंचीवर असतं, आणि मोठ्या पाळण्यांनाही उंचीची अट असते. त्यामुळे तिकीट खिडकीशी ‘वाकून उभा राह्य’ असं ज्याला सांगितलं, त्याच पोट्ट्याला पाळण्याच्या दारात ‘टाचा उचल’ असं सांगायची पाळी येते. एसटीच्या अर्ध्या तिकिटाचं सगळं कौशल्य इथे एकाच दिवसात दोन्ही दिशांनी वापरून पाहिलं जातं आणि मापाची पट्टी कोणाचंच ऐकत नाही. घरच्या दारावर पेन्सिलीने खूण करावी, कोणता पाळणा जमणार नाही ते पोराला आमगावातच सांगावं. रडायचं ते घरी रडून होतं. पाण्याच्या उद्यानात सुती कपडे आणि साड्या चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. ते आमगावच्या बाजारातून घेऊन जावेत, दारात भाड्याने घ्यायला लागले की पुन्हा कट्टे मोजणं सुरू होतं. खर्रा मात्र घरीच ठेवावा. तपासणीत खिसे उलटे होतात आणि जवाई पाहुण्यांदेखत उघडे पडतात.

खाण्यापिण्याबाबत आपल्याकडे राग फार आहे आणि तो अगदीच खोटा नाही. आपल्या बहुतेक थीम पार्कांत घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तिखटमिठाच्या पुऱ्या दाराशी अडवल्या जातात आणि आत आलूबोंड्याच्या धाकट्या भावाला थोरल्याच्या चौपट भाव असतो. विशेष म्हणजे अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांत घरचे खाद्यपदार्थ नेता येतात. म्हणजे हा निसर्गनियम नाही, मालकाची इच्छा आहे. पण इथेही वसुलीच दुप्पट मारते. बाहेरचं महाग म्हणून सकाळी उपाशी आत जायचं, आतलं महाग म्हणून दुपारी उपाशी राहायचं, आणि चार वाजता भुकेने एकमेकांवर ओरडायचं, हा वाचवलेल्या पैशांचा खरा हिशोब. पोटभर नाश्ता करून आत जावं, पुऱ्या बाहेरच्या झाडाखाली संपवाव्यात, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या न्याव्यात आणि दुपारी आत जेवायचंच असं ठरवून, त्याचे पैसे तिकिटातच धरावेत. बारा ते दोन मोठ्या पाळण्यांच्या रांगा आखडतात, कारण सगळे जेवायला जातात. तेव्हा अकराला किंवा अडीचला जेवावं.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो वजनदार आहे : ज्याला आठ कट्ट्यांचा घाम ठाऊक आहे त्याने ते विसरावेत, हे सांगणं पोट भरलेल्या माणसाचं आहे. मान्य. पण कष्टाचा पैसा विसरा असं इथे म्हटलेलं नाही. तो दाराच्या बाहेर मोजा, दहा वेळा मोजा आणि जास्त वाटत असेल तर जाऊच नका. दाराच्या आत मोजू नका, एवढंच. आणि हे शास्त्र शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. धानावर तुडतुडा पडतो तेव्हा आतापर्यंत नांगरणीला, रोवणीला, खताला किती गेले याची बेरीज करून कोणी फवारणी ठरवत नाही. आणखी एक फवारा मारला तर पुढे किती हाती लागेल, एवढंच बघितलं जातं. गेलेलं गेलं, उरलेलं बघायचं. बांधावर जो नियम पाळला जातो तोच पाळण्यापाशी पाळा : या पुढच्या चाळीस मिनिटांत रांगेत मजा आहे की झाडाखाली? दुसरा आक्षेप खोडसाळ आहे : मंडईतल्या रात्रीच्या नाटकाला तर दाराशीच तिकीट असतं, मग तिथे वसुली का होत नाही? उत्तर असं, की वडशाच्या कंपनीचं झाडीपट्टी नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं आणि त्यात प्रत्येक प्रेक्षक कुठे ना कुठे डुलकी घेतोच. दुसऱ्या अंकात झोप लागली म्हणून आजवर कोणी अर्धे पैसे परत मागितलेले नाहीत. शेजारचा माणूस ‘काय झालं’ ते थोडक्यात सांगतो, पुढचं नाटक पुढे चालू होतं. म्हणजे आगाऊ पैसे भरूनही सुखाने डुलकी घेण्याची कला आपल्याकडे आहेच, ती खोपोलीला जाताना घरी विसरते, एवढंच.

तिसरा आक्षेप रांगेचा : दोन मिनिटांसाठी तासभर उभं राहणं हा मूर्खपणाच, त्यात वसुली कसली? पण नवरात्रात आमगावची निम्मी वस्ती गाडीने डोंगरगडला जाते, बमलेश्वरीच्या पायऱ्या चढते, गर्दीत उभी राहते आणि घटकाभराच्या दर्शनाने तृप्त होऊन उतरते. दर्शनाच्या मिनिटामागे किती पायऱ्या पडल्या, असा भागाकार कोणी करत नाही. रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलं, त्यातले दोन मुद्दे आपल्या आज्यांना जन्मतःच माहीत असतात : हाताला-तोंडाला काही चाळा असला की वाट पाहणं आखूड वाटतं, आणि एकट्याने वाट पाहणं घोळक्यात वाट पाहण्यापेक्षा लांब असतं. रांगेत पुढच्या बाईचं माहेर गोरेगावचं की तिरोड्याचं, हे ज्यांना दहा मिनिटांत कळतं त्यांना चाळीस मिनिटं जड जात नाहीत. जो मोबाइलवर मिनिटं मोजत उभा असतो त्यालाच जातात. चौथा आक्षेप सगळ्यांत सोपा : मग मंडईच बरी की, जायचं कशाला? जायचं, कारण मंडई जे करू शकत नाही ते तिथे आहे. मंडईतल्या पाळण्याचा मालक पोराची उंची डोळ्याने मापतो, लोखंडी कांब अडकवतो आणि ‘बसला का?’ एवढंच विचारतो. थीम पार्कात पट्टे दोनदा ओढून पाहिले जातात आणि सगळे बसल्याखेरीज गाडी हलत नाही. माणसाला हवेत उलटं करून सुखरूप परत आणण्याची कारागिरी आयुष्यात एकदा जवळून पाहण्यासारखी आहे. आणि थीम पार्कवाल्यांनीही फार ताठ राहू नये. डिस्नेलँडच्या पहिल्याच दिवशी बनावट तिकिटांवर झुंडी आत घुसल्या, नव्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या आणि नळकामगारांच्या संपामुळे पिण्याचे नळ जेमतेम चालू होते. पाळण्यांचं जगप्रसिद्ध राज्य सुरू झालं तेव्हा तीही एक अव्यवस्थित मंडईच होती.

राहता राहिला शेवटचा सल्ला, कधी थांबावं हा, आणि त्यासाठी आमगावकरांना कुठल्याही परदेशी पुस्तकाची गरज नाही. आमगावजवळचं पदमपूर हेच भवभूतीचं पद्मपूर, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि आमगावच्या महाविद्यालयाला त्याच कवीचं नाव आहे. आठव्या शतकातल्या या नाटककाराची नाटकं खेळली जायची ती कालप्रियनाथाच्या यात्रेत, म्हणजे तीही मंडईचीच नाटकं. त्याच्या ‘उत्तररामचरित’च्या पहिल्या अंकात रामाच्या आयुष्याची रंगवलेली चित्रं आहेत आणि लक्ष्मण वाटाड्यासारखा राम-सीतेला ती दाखवत पुढे नेतो. आजच्या भाषेत, अंधारातल्या गाडीत बसून बघायचा खेळच. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता खरोखर घाबरते आणि रामाला तिला सांगावं लागतं, की अगं, हे चित्र आहे. आता बघायची गोष्ट अशी, की ही मंडळी सगळी चित्रं बघत नाहीत. परशुरामापाशी राम पुढे चला म्हणतो, मंथरेचं चित्र आलं की न बोलता पुढच्याकडे वळतो, उर्मिलेच्या चित्राविषयी सीता मुद्दाम विचारते तेव्हा लक्ष्मण लाजून विषय बदलतो. राजघराण्यातली असून त्यांतल्या एकालाही वाटत नाही, की एवढं काढून घेतलंय तर वसूल केलं पाहिजे. आणि शेवटी लक्ष्मण जे म्हणतो त्याचा आशय प्रत्येक थीम पार्कच्या दारावर लिहून ठेवावा : पुढे बघण्यासारखं अजून मोजता येणार नाही इतकं आहे, पण वहिनी दमल्या आहेत, आता विश्रांती घ्यावी. सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते. पुढचं सगळं महाभारत, म्हणजे रामायण, वेगळ्या कारणाने घडलं. त्याआधी तिने ती अरण्यं पुन्हा एकदा बघायची इच्छा बोलून दाखवली होती, हे मात्र दुसऱ्या खेपेचा हट्ट धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.